हन्नाबाईच्या डोक्यावरचा हात

हन्नाबाई वळवी १३ मेच्या संध्याकाळी गेली. १४ मेला दुपारी चार वाजता तिला माती दिली. अल्बम ३१ मेला घरी पोहोचला आणि घरी स्मरणाची प्रार्थना ठरली ९ जूनला, रविवारी. शब्बीर मन्सुरीला या चारही तारखा पाठ आहेत. चूक नेमकी कोणत्या दिवशी झाली हे मात्र त्याला बरेच दिवस ठरवता आलं नाही, कारण ती एका दिवशी झालेली नव्हती.

शब्बीरचा स्टुडिओ नवापूरला, बसस्थानकामागच्या गल्लीत आहे. मुलीच्या नावाने, अलमास फोटो. स्टुडिओ टाकण्याआधी सोळा वर्षं तो नंदुरबारच्या एका दैनिकाला फोटो पुरवायचा. घाटात उलटलेला ट्रक, पुलाचं उद्घाटन, निकालाच्या दिवशी मुलीला पेढा भरवणारे आईबाप. संध्याकाळी सहाच्या आत फोटो पाठवायचा, सकाळी तो छापून आला की कार्ड रिकामं करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि दैनिकाचे फोन थांबले. लग्नाच्या कामात ड्रोनवाले उतरले. शब्बीरकडे राहिलं मयतीचं काम.

नवापूरच्या पुढे गुजरातच्या हद्दीला लागून जे डोंगर आहेत, तिथल्या ख्रिस्ती घरांमध्ये मयतीचे फोटो काढतात आणि त्यांचा अल्बम करतात. पाहुणा येऊन बसला की पाणी येतं आणि पाण्यामागून अल्बम येतो. लग्नाचा आधी, मयतीचा नंतर. पाहुणा एकेक पान उलटतो, कोण कुठे उभं आहे ते बघतो, बोट ठेवून नावं विचारतो. अकरा वर्षांत शब्बीर या गावांना इतका सवयीचा झाला होता, की एकदा तो एका लग्नात जेवायला गेला तेव्हा दारातल्या म्हातारीने त्याला अडवून विचारलं होतं, "तू कसाले उना रे? आज तर कोनी मरेल नही."

त्याची यादी ठरलेली होती. आधी उघडी पेटी, मग चेहरा जवळून, मग घरच्यांचा ग्रुप, प्रार्थना, मिरवणूक, मूठमाती, शेवटी फुलांनी झाकलेली कबर. ग्रुपमध्ये डोक्याशी थोरला मुलगा, पायाशी नवरा किंवा बायको, मध्ये बाकीचे. हा नियम कोणी घालून दिलेला नव्हता. पहिल्या दोन-तीन अल्बममध्ये तसं जमून आलं आणि नंतर लोकच तशी जागा सोडू लागले.

१४ मेला तो खडकीपाड्याला पोहोचला तेव्हा सव्वादोन वाजले होते. गाव चिंचपाड्याच्या पुढे, पक्का रस्ता संपल्यावर दीड किलोमीटर. अंगणात मांडव होता आणि पेटीखाली बर्फाच्या लाद्या होत्या. त्यांचं पाणी मांडवाच्या खांबापर्यंत वाहत आलं होतं. थोरला मुलगा दानियल एका कंपनीत गिरण्यांची यंत्रं बसवण्याचं काम करतो. तो त्या दिवशी कोइमतूरला होता. विमान धरून सुरतेला आणि तिथून गाडीने घरी यायला त्याला रात्रीचे आठ वाजणार होते. बर्फ तेवढा वेळ टिकणार नव्हता. कुंदन पास्टरने चारची वेळ ठरवली आणि कोणी हरकत घेतली नाही.

शब्बीरने आधी मांडवात उभं राहून मोठ्या आवाजात सांगितलं, की मोबाइल बंद ठेवा, मध्ये मध्ये येऊ नका, सगळे फोटो अल्बममध्ये मिळतील. हे तो प्रत्येक ठिकाणी सांगायचा. लोक ऐकायचे. त्या दिवशीही ऐकलं.

मग त्याने उजेड बघायला एक फोटो काढला. अजून कोणी नीट उभं राहिलेलं नव्हतं. पेटीभोवती पांढऱ्या कपड्यांतले वीस जण होते: हन्नाबाईचा धाकटा भाऊ, जावा, पुतणे, दानियलची बायको, व्याऱ्याहून आलेले दानियलचे थोरले मामा. पायाशी खुर्चीवर हन्नाबाईचा नवरा जेठ्या. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याला माणसं सावल्यांसारखी दिसतात. आणि डोक्याशी एक बाई होती. विटलेला हिरवा ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिने हन्नाबाईच्या डोक्यावर हात ठेवला होता.

शब्बीरने स्क्रीन पाहिली. उजेड ठीक होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला सरा. घरच्यांना येऊ द्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हात काढून घेतला आणि घरामागे गेली. पेटीभोवतीच्या वीस जणांनी शब्बीरचं वाक्य ऐकलं होतं. एकानेही काही म्हटलं नाही. मामांनी टोपी सारखी केली. पास्टर गाण्याचं पुस्तक शोधत होते.

त्यानंतर त्याने नियमाप्रमाणे ग्रुपचे चार फोटो काढले. स्टुडिओत आल्यावर दिसलं, की चारही फोटोंत जेठ्याने तोंडावर टॉवेल धरला होता. जेठ्याचा चेहरा फक्त त्या पहिल्या फोटोत होता. शब्बीरने तोच निवडला.

१६ मेला संध्याकाळी दानियलचा फोन आला. तो रडत नव्हता. उलट फार नीट, एकेक वाक्य जुळवून बोलत होता. गावातले लोक विचारतात, तू नव्हतास का. उद्या त्याची मुलं अल्बम बघतील, तीही विचारतील. तो निघाला होता, रस्त्यात होता, पण ते फोटोत कसं दिसणार? शब्बीरभाईंनी एवढं करावं, त्याला ग्रुपमध्ये घ्यावं. डोक्याशी.

शब्बीर हो म्हणाला. त्याने याआधी चार मुलगे आणि मस्कतला अडकलेला एक जावई असे पाच जण फोटोंत जोडले होते. माणूस यायला निघाला होता, पोहोचला नाही, इतकंच. बातमीत त्याने असं कधी केलं नसतं. पण ही बातमी नव्हती.

कॉम्प्युटरवरचं काम अलमास करते. ती तेवीस वर्षांची आहे आणि बापापेक्षा बारीक बघते. एका माणसाला नवीन जागा करून घुसवण्यापेक्षा उभ्या असलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवणं सोपं असतं. उंची जमते, सावली आयती मिळते. डोक्याशी जागा एकच होती. एका बाजूला मांडवाचा खांब, दुसऱ्या बाजूला भिंत. अलमासने विचारलं, "अब्बा, ये औरत कौन है?"

शब्बीर काउंटरवर कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होता. त्याने मान वर केली नाही. "कामवाली होगी. निकाल दे."

अलमासने तिला काढलं. दानियलने पाठवलेल्या कंपनीच्या कार्यक्रमातल्या फोटोवरून त्याला कोटासकट उचललं आणि तिथे उभं केलं, दोन्ही हात पुढे बांधलेले. कोटाचा निळा रंग काळ्याकडे नेला, चेहऱ्यावरचा उजेड मांडवातल्या उजेडाशी जुळवला. तासाभराचं काम. फाइल त्याच नावाने सेव्ह केली, कारण डिस्क भरत आली होती. कार्ड शब्बीरने २२ तारखेच्या एका साखरपुड्यासाठी रिकामं केलं. जुनी सवय.

बुधवारी, ५ जूनला दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई स्टुडिओत आली. धुतलेला पिवळा ड्रेस, केस तेल लावून बांधलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत अल्बम. शब्बीरने अल्बम ओळखला, बाईला नाही. तो आपल्या सवयीने म्हणाला, "खडकीपाड्याचा ना? चांगला झालाय अल्बम."

तिने अकरावं पान उघडून काउंटरवर त्याच्या बाजूला फिरवलं.

"भाऊ, दानियलला हात किती आहेत?"

शब्बीरला वाटलं ती गंमत करते आहे. तो हसलासुद्धा. मग त्याने पाहिलं. दानियलचे दोन हात पुढे बांधलेले होते. आणि हन्नाबाईच्या डोक्यावर, पांढऱ्या कापडाच्या कडेला, एक हात होता. मनगटापर्यंत. त्याच्यामागे काहीच नव्हतं. समोरच्या बाजूने वाकलेल्या जावेचा असेल असं अलमासला वाटलं असणार. शब्बीरला तर काहीच वाटलं नव्हतं, कारण छपाईला देताना त्याने फक्त चेहरे तपासले होते.

"दोन तर त्याने बांधून ठेवलेत," ती म्हणाली. "मग हा तिसरा कोणाचा?"

तिने आपला उजवा हात फोटोशेजारी ठेवला. अंगठ्याच्या खाली भाजल्याचा लांबट डाग होता. फोटोतही होता.

अलमास आतून बाहेर आली होती. तिने दोन्ही हात पाहिले आणि ती भिंतीला टेकली.

त्या बाईचं नाव एस्तेर. हन्नाबाईची मुलगी, दानियलहून दोन वर्षांनी धाकटी, चौतीस वर्षांची. हे सगळं तिने सांगितलं ते आवाज न चढवता, एखादा अर्ज भरताना सांगावं तसं. आईला लकवा झाला तेव्हा ती लोणखेड्याला एका वसतिगृहात कामाला होती. महिनाभराची सुट्टी काढून आली, ती चार वर्षं राहिली. १४ तारखेला तिने दोन काकूंबरोबर आईला आंघोळ घातली, मग एवढ्या माणसांच्या चहाचं बघितलं, आणि पांढरे कपडे घालायच्या आधी एकदा आईजवळ जावं म्हणून पेटीशी गेली. अंगावरचा हिरवा ड्रेस आंघोळीच्या पाण्याने भिजलेला होता. एवढंच.

शब्बीर म्हणाला की त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच होतं आणि ते खरं होतं. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे, त्याला कसं माहीत असणार. पण परवा व्याऱ्याचे मामा पुन्हा आले. पाणी प्यायले, अल्बम बघितला आणि तिलाच विचारलं, तू तेव्हा कुठे होतीस गं? मामा त्याच फोटोत उभे आहेत, डावीकडून तिसरे.

"त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं ना?" अलमासने विचारलं.

"पाहिलं होतं. पण त्यांच्या हातात अल्बम होता."

शब्बीरने कॉम्प्युटर उघडला. तिला बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही. त्या दिवसाचे २८६ फोटो निवडून ठेवलेले होते, ते त्याने एकेक करून पाहिले. एकसष्टाव्या फोटोत चुलीजवळ एक कोपर होतं. एकशे सतराव्या फोटोत भांडी घेऊन जाणारी एक पाठ. मूठमातीचे त्याने पहिल्या बारा जणांचे फोटो काढले होते आणि मग कॅमेरा पास्टरकडे वळवला होता. एस्तेरने माती टाकली ती तेराव्या नंबरावर की तिसाव्या, हे त्या २८६ फोटोंत कुठेच नव्हतं. अकराव्या पानावरच्या फोटोची मूळ फाइल त्याने चार जागी शोधली. मग कार्ड काढलं. कार्डावर साखरपुडा होता.

दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमध्ये काही असेल का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मोबाइल बंद ठेवायला आपणच सांगितलं होतं हे त्याला आठवलं.

मग त्याने एक गोष्ट सुचवली. नंतर त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची. तो म्हणाला, "ताई, तुमचा एखादा चांगला फोटो असेल तर द्या. पांढऱ्या साडीतला असला तर उत्तम. मी तुम्हाला दानियलच्या बाजूला बसवून देतो. कोणाला कळणार नाही."

एस्तेरने अल्बम मिटला.

"मला जोडू नका. मी तिथे होते."

शब्बीरने विचारलं, मग तिला काय हवं आहे. ती म्हणाली रविवारी प्रार्थनेला या आणि सांगा.

"कोणाला सांगू?"

"सगळ्यांना. मोबाइल बंद करा म्हणून तुम्ही सांगितलं, ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. तसंच सांगा." अल्बम तिने परत नेला नाही. काउंटरवरच ठेवून गेली.

शुक्रवारी शब्बीरने दानियलला फोन केला. दानियल नको म्हणेल आणि प्रश्न मिटेल, अशी त्याला आशा होती. दानियल म्हणाला, "मी फक्त माझ्याकडेच बघितलं, शब्बीरभाई. कोट बरोबर बसलाय का ते." त्यापुढे तो म्हणाला की आता हे चारचौघांत कशाला, एस्तेरशी तो घरात बोलेल, बाबांना त्रास होईल. शब्बीरला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर तो अलमासला म्हणाला की दानियल नको म्हणतो, घरचा मामला आहे.

"मिटाया मैंने है," अलमास म्हणाली. "तुम नहीं गए तो मैं जाऊँगी."

शनिवारी सकाळी तिने अकराव्या पानाचा फोटो पुन्हा उघडला आणि कापला. दानियल गेला, मामा गेले, खांब गेला. उरला हन्नाबाईचा चेहरा आणि डोक्यावरचा हात. तेवढ्याच भागाला तिने हात लावलेला नव्हता. तो तिने दीड फुटाचा करून छापला आणि शब्बीरच्या समोर फ्रेमिंगला टाकला.

शब्बीरने त्या दुपारी कागदावर चार ओळी लिहिल्या. खुलासा कसा लिहायचा हे त्याला माहीत होतं. दैनिकात पाचव्या पानावर तळाशी यायचा. त्यात चूक होते, कोणी करत नाही. त्याने लिहिलं: "अल्बमच्या पान क्रमांक ११ वरील छायाचित्रात तांत्रिक कारणामुळे एका जवळच्या नातेवाईकाचे छायाचित्र समाविष्ट होऊ शकले नाही. याबद्दल स्टुडिओ दिलगीर आहे." वाचून पाहिलं. कुठे अडत नव्हतं. घडी करून खिशात ठेवलं.

रविवारी अकरा वाजता बापलेक खडकीपाड्याला पोहोचले. मांडव तोच होता. सव्वाशे-दीडशे माणसं सतरंजीवर बसली होती, पुढे काही खुर्च्या. जेठ्या पहिल्या खुर्चीवर, शेजारी दानियल. मामा मागे, सतरंजीवरच्या तिसऱ्या रांगेत. मुलांना पुढे बसवलं होतं. एस्तेरने निळी साडी नेसली होती आणि ती चहाची किटली घेऊन रांगांमधून फिरत होती. कोणी हात वर करत होतं, कोणी नुसताच पेला पुढे करत होतं. तिचं नाव घेऊन कोणी बोलावत नव्हतं. तशी गरजही पडत नव्हती, पेला पुढे केला की ती येत होती.

अलमासने फ्रेम समोरच्या स्टुलावर ठेवली. लोक वाकून बघू लागले. दोन-तीन बायका आपसांत काही बोलल्या. कुंदन पास्टरने प्रार्थना केली, वचन वाचलं, आणि म्हणाले की शब्बीरभाऊंना दोन शब्द सांगायचे आहेत.

शब्बीरने उभं राहून खिशातला कागद वाचला. आवाज स्पष्ट होता. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. लोकांनी माना हलवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, होतं असं, काही हरकत नाही. अलमासने बापाकडे पाहिलं नाही. दानियलने श्वास सोडला, तो शब्बीरला ऐकू आला. एस्तेर तिसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्याच्या पेल्यात चहा ओतत होती. तिने ओतणं थांबवलं नाही. पास्टरने पुढच्या गाण्यासाठी पुस्तक उचललं.

तेव्हा जेठ्या बोलला. घरी तो मावची बोलतो. शब्बीरशी तो बाजारातल्या अहिराणीत बोलला.

"शब्बीर, त्या फोटोमा काय शे? मले दिसत नही."

शब्बीर बसायला वाकला होता, तो पुन्हा सरळ झाला. म्हाताऱ्यांशी तोही अहिराणीतच बोलतो.

"हन्नाबाईना चेहरा शे, बाबा."

"आनि?"

"डोकावर एक हात शे."

"कोना?"

"एस्तेरना."

जेठ्याने मान वळवली, जणू त्याला फ्रेम दिसणार होती. "नुसता हात? मंग एस्तेर कोठे शे?"

शब्बीरच्या हातात कागद होता. त्यात याचं उत्तर नव्हतं. पास्टरने पुस्तक खाली घेतलं. शब्बीर म्हणाला, "मी तिले काढी टाकं."

"कसाले?"

प्रश्न साधा होता आणि विचारणाऱ्याला खरोखरच उत्तर हवं होतं. दानियलसाठी, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरं होतं. दानियल जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. पण दानियलने फक्त जागा मागितली होती. कोणाला उठवायचं हे शब्बीरने ठरवलं होतं, दोनदा, एकदा मांडवात आणि एकदा काउंटरवर मान खाली घालून.

"मी तिले कामनी बाई समजनू, बाबा."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण हे काय केलं. सगळा मांडव एस्तेरकडे बघत होता. तिची साडी बघत होता, किटली बघत होता. जे इतके दिवस एका काउंटरपुरतं होतं, ते त्याने दीडशे माणसांत, तिच्या बापासमोर, तिच्या तोंडावर म्हटलं होतं. ती हेच मागायला आली होती, आणि तरीही तिची मान खाली गेली. शब्बीरला वाटलं, आता कोणीतरी उठून आपल्याला मारावं. कोणी उठलं नाही.

जेठ्याची बोटं काठीवर वर-खाली होत होती.

"चार वरीस मी तिना हातनं खादं," तो म्हणाला. "पानी दे, औषीद दे, तुनी मायले उठाड, तुनी मायले बठाड. नाव लिसनी कधी हाक मारी का, मले याद नही. तू एक दिन चुकना, शब्बीर. आम्ही तिले रोजच कामनी बाई समजी ऱ्हायनूत."

मामांनी पेला अर्धा पुढे केलेला होता. एस्तेर त्यांच्यासमोर येऊन पोहोचली होती. त्यांनी पेला मागे घेतला आणि त्यावर तळहात झाकला. शेजारच्यानेही झाकला. मग त्या रांगेत सगळ्यांनीच, कोणी पेला मांडीमागे ठेवला, कोणी पालथा घातला. भरलेली किटली घेऊन एस्तेर मध्येच उभी राहिली. तिच्याकडे बघणं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"चहा गार होईल," ती म्हणाली.

तिने किटली सतरंजीवर टेकवली. ओढल्यासारखी खाली बसली, तिथेच, तिसऱ्या रांगेत दोन बायकांच्या मध्ये, पदर गुडघ्याखाली दाबून. डावीकडच्या बाईने सरकून तिला जागा दिली. दानियल खुर्चीवरून उठला, दोन पावलं आला, आणि किटली उचलावी की नाही हे न कळल्यासारखा थांबला. मग त्याने ती उचलली. त्याला ओतता येत नव्हतं. पहिल्याच पेल्याला चहा सतरंजीवर सांडला.

बायकांच्या बाजूने कोणीतरी मोबाइल वर केला. मग आणखी एकीने. दोन्ही मोबाइल एस्तेरकडे रोखलेले होते. तिने हात आडवा धरला, रागाने नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली.

मोबाइल खाली गेले. शब्बीर अजून उभाच होता. अलमासने त्याची बाही ओढली तेव्हा तो बसला. कागद त्याच्या मुठीत भिजला होता. कुंदन पास्टरने गाण्याचा क्रमांक सांगितला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगितला, कारण पहिल्यांदा कोणीच पुस्तक उघडलं नव्हतं.